छोट्या मालगाडींतील खरें ओझें

गतवर्षीं आमच्या शाळेच्या प्रदर्शनांत छंदमंडळाच्या विद्यार्थ्यांनीं एक लहानशी मालगाडी मांडली होती. दोन मेजें जोडून त्यांवर रूळ बसविले होते. एका बाजूस पुठ्ठ्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूस स्टेशन, आणि मधून धांवणारी बारा उघड्या वाघिणींची गाडी. ही लोहखनिजाची गाडी आहे अशी पाटी शेजारीं लाविली होती. आणि पाहणाऱ्यांस खनिज नीट दिसावें म्हणून आम्हीं प्रत्येक वाघीण लाल मातीनें कांठोकांठ भरून वर शीगही लाविली होती. लोकांनीं वाहवा केली, आणि आम्हांसही धन्यता वाटली.

सायंकाळीं मंडळांतील एका विद्यार्थ्याचे वडील आले. ते एका मालधक्क्यावर मुकादम आहेत, व तरुणपणीं कांहीं वर्षें त्यांनीं खनिजाच्या साइडिंगवर काम केलेलें आहे. ते मेजाजवळ बराच वेळ उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, "सर, लहान तोंडीं मोठा घांस घेतों, पण ही गाडी चालायची नाहीं. अशी भरली तर स्प्रिंगा बसतील. खनिज एवढें भरीत नाहींत. बाहेरून पाहिलें तर वाघीण रिकामीच वाटते." मुलगा शेजारींच उभा होता. वडिलांनीं सर्वांसमक्ष चूक काढली म्हणून तो बिचारा ओशाळला. ओशाळलों आम्हीही, पण निराळ्या कारणानें. एंजिनाचा रंग, स्टेशनाचीं कौलें, सिग्नलाचे हात यांसाठीं आम्हीं महिनेच्या महिने घालविले होते; परंतु ज्याच्या वाहतुकीसाठीं हा सारा खटाटोप असतो, त्या मालाची चौकशी करण्याचें कोणासही सुचलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत फळ्यावर आम्हीं हिशेब मांडला. तो येथें देतों. कारण पुढील सर्व विवेचनाचें मूळ त्यांत आहे.

आपल्या देशांत कोळसा व खनिज वाहणारी 'बॉक्सएन' नांवाची उघडी वाघीण १९८० नंतरच्या दशकांत प्रचारांत आली. तिची आंतील लांबी सुमारें ९.७८ मीटर, रुंदी २.९५ मीटर व उंची १.९५ मीटर, म्हणजे आंत सुमारें ५६ घनमीटर जागा. रिकाम्या वाघिणीचें वजन २२.४७ टन. मूळ आराखड्याप्रमाणें तींत ५८.८१ टन माल भरावयाचा. म्हणजे एकूण वजन ८१.२८ टन झालें. तिला चार आंस असतात, म्हणून प्रत्येक आंसावर २०.३२ टन भार येतो. पुढें कांहीं मार्गांवर ही मर्यादा थोडी वाढविण्यांत आली. पण हिशेबाची रीत तीच.

आतां लोहखनिजाचा ढीग प्रतीप्रमाणें कमीअधिक जड असतो. तरी एक घनमीटर ढिगाचें वजन २.४ टन धरण्यास हरकत नाहीं. तेव्हां ५८.८१ टन खनिजास जागा किती लागेल? अवघी साडेचोवीस घनमीटर. वाघिणीच्या तळावर तें सारखें पसरलें तर थराची उंची ८५ सेंटिमीटर होते. बाजू मात्र १९५ सेंटिमीटर उंच. म्हणजे वाघीण निम्मीसुद्धां भरत नाहीं, आणि रुळांशेजारीं उभे राहणाऱ्यास खनिजाचा कणही दिसत नाहीं! उलट आमच्याप्रमाणें ती कांठोकांठ भरली तर आंत १३४ टन खनिज बसेल. वाघिणीसह वजन १५७ टनांच्या घरांत जाईल, आणि प्रत्येक आंसावर ३९ टन भार पडेल. ठरलेल्या भाराच्या जवळजवळ दुप्पट! शिवाय आमची शीग निराळीच. स्प्रिंगा, आंस, रूळ, पूल यांपैकीं कशाचीच धडगत राहिली नसती. मुकादमांनीं कागद-पेन्सिल न घेतां जें सांगितलें, तेंच आम्हांस गणितानें कळलें.

येथें या छंदाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. खऱ्या रेल्वेची प्रमाणबद्ध लहान प्रतिकृति करून ती चालविणें हा छंद युरोप व अमेरिका या खंडांत फार वर्षांपासून रुजलेला आहे. अमेरिकेंत १९३५ सालीं मिलवॉकी येथें अशा छांदिष्टांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिनें चाकें व रूळ यांचीं मापें ठरवून दिलीं, त्यामुळें एकानें केलेली गाडी दुसऱ्याच्या रुळांवर धांवूं लागली. आज सर्वांत प्रचलित प्रमाण १ : ८७ होय; त्यास 'एचओ' म्हणतात. या प्रमाणांत खरी वस्तु ८७ मीटर असेल तर प्रतिकृति एक मीटर. आपली बॉक्सएन वाघीण आंतून ११२ मिलिमीटर लांब, ३४ मिलिमीटर रुंद व साडेबावीस मिलिमीटर उंच होते; आणि खनिजाचा थर जेमतेम एक सेंटिमीटर!

विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट लक्ष्यांत ठेवावी. लांबी ८७ पटींनीं घटली, पण वजन तेवढ्यानेंच घटत नाहीं. लांबी, रुंदी व उंची या तिन्ही घटतात. म्हणून घनफळ व वजन ८७ च्या घनानें, म्हणजे ६,५८,५०३ पटींनीं घटतें. ८१.२८ टनांची भरलेली वाघीण या प्रमाणांत १२३ ग्रॅमची, आणि रिकामी ३४ ग्रॅमची भरते. भूमितीच्या पुस्तकांत घनाचा नियम वाचून जो कंटाळा येतो, तो अशी वाघीण तळहातावर घेऊन तोलली असतां राहत नाहीं.

मालवाहतुकीचें सारें शास्त्र दोन मापांच्या झगड्यांत सामावलेलें आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. एक माप वजनाचें, दुसरें जागेचें. वाघीण भरतांना या दोहोंपैकीं आधीं काय संपतें, यावर मालाचें रूप ठरतें. याचीं तीन उदाहरणें घेऊं.

पहिलें उदाहरण लोहखनिजाचें. छत्तीसगडांत बस्तरच्या दक्षिणेस बैलाडिला नांवाची डोंगररांग आहे. तिचा आकार बैलाच्या वशिंडासारखा, म्हणून हें नांव. तेथील खनिज विशाखापट्टणम् बंदरास नेण्यासाठीं १९६० नंतरच्या दशकांत जपानच्या साह्यानें किरंदुल ते कोत्तवलसा हा लोहमार्ग पूर्व घाटांतून बांधण्यांत आला. कारण तें खनिज त्या काळीं जपानच्या पोलाद-कारखान्यांस हवें होतें. येथें वजन आधीं संपतें आणि जागा उरते. मग उंच बाजूंचें फुकट लोखंड कशास ओढावें? या विचारानेंच खनिजासारख्या जड मालासाठीं कमी उंचीच्या बाजूंची 'बीओवाय' वाघीण निघाली. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत मेसाबीच्या खाणींसाठींही याच कारणानें अवघ्या २४ फूट लांबीच्या आंखूड वाघिणी वापरीत. वाघिणीचा आकार पाहून आंतील माल ओळखतां येतो, तो असा.

दुसरें उदाहरण कोळशाचें. आपल्या चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील वर्धा खोऱ्याचा कोळसा वीजकेंद्रांकडे जातो. कोळशाचा एक घनमीटर ढीग सुमारें ०.९ टन भरतो असें धरलें, तर ५६ घनमीटरांत ५० टनांवर कोळसा बसतो. म्हणजे वाघीण कांठापर्यंत भरून वर थोडी शीग आली कीं वजनही मर्यादेजवळ येतें. जागा व वजन यांचा येथें जणूं मेळ बसला आहे. म्हणून आम्हीं खनिजास लाविलेली शीग कोळशास शोभली असती! कोळशाच्या ढिगाचीं शिखरेंही कांहीं सांगत असतात. यंत्राच्या बादलीनें भरलेल्या वाघिणींत निरनिराळे उंचवटे दिसतात. उंच कोठारांतून गाडी हळूहळू पुढें सरकवीत भरली तर ढीग सलग व सारखा असतो. वाटेंत कोणीं कोळसा काढला तर कळावें म्हणून ढिगावर चुन्याचें पाणी शिंपडण्याची चालही आहे. पांढरा थर कोठें मोडला कीं चोरी उघड होते.

तिसरें उदाहरण कापसाचें, आणि तें आपल्या वऱ्हाडचें. येथें उलट प्रकार. सुटी रुई फुगीर. तिनें वाघीण भरून गेली तरी वजन नांवालाच. जागा आधीं संपते. म्हणून सरकी काढल्यावर रुई दाबून तिच्या घट्ट गांठी बांधतात. हल्लीं आपल्याकडे एका गांठीचें वजन १७० किलो धरतात. गांवोगांवीं जिनिंगच्या शेजारीं प्रेसिंगचे कारखाने कां उभे राहिले, याचें एक मोठें कारण हें कीं, दाबल्यावांचून रुईची दूरची वाहतूक परवडत नाहीं. विलायतेच्या गिरण्यांस व पुढें मुंबईच्या गिरण्यांस कापूस पाहिजे होता, म्हणून मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला आणि खामगांव, अमरावती यांसारख्या कापसाच्या पेठांस जोडमार्ग मिळाले. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा अरुंद मार्ग एका खासगी कंपनीनें मुख्यतः कापसासाठींच बांधिला. लोक त्यास प्रेमानें 'शकुंतला' म्हणत. १९२१ सालीं मँचेस्टर येथें बांधलेलें तिचें वाफेचें एंजिन १९९४ पर्यंत राबलें. आतां त्या मार्गावरील वाहतूक बंद पडली आहे. पण मुंबईंत 'कॉटन ग्रीन' या स्टेशनाचें नांव अद्याप त्या गांठींची आठवण देत उभें आहे.

या तीन मालांची चौकशी करतांना आमच्या मंडळास जो अनुभव आला, त्यावरून शोधाची रीत थोडक्यांत सांगतों.

प्रथम मार्ग व साल निश्चित करावें. १९३० सालची शकुंतला आणि आजची बॉक्सएन वाघीण एका मेजावर शेजारींशेजारीं उभ्या केल्या तर तें चित्र खोटें ठरतें. नंतर माल कोठून निघतो, कोठें जातो व कशासाठीं, हें शोधावें. त्यासाठीं नकाशा, भूगोलाचें पुस्तक व जिल्ह्याचें गॅझेटियर उपयोगी पडतात. मग प्रत्यक्ष पाहावें. मात्र तें रुळांवर जाऊन नव्हे. पादचारी पुलावरून वाघिणीच्या आंतील माल जसा दिसतो तसा खालून कधींच दिसत नाहीं, आणि जिवासही धोका नसतो. परवानगीवांचून यार्डांत पाऊल टाकूं नये.

वाघिणीच्या अंगावर रंगविलेला मजकूर वाचण्यास शिकावें. तेथें तिचा प्रकार, रिकामें वजन व वहनशक्ति लिहिलेली असते. तिचा क्रमांक अकरा आंकड्यांचा असतो. पहिले दोन आंकडे प्रकाराचे, पुढील दोन मालक रेल्वेचे, त्यापुढील दोन बांधणीच्या सालाचे, नंतरचे चार त्या वाघिणीचे स्वतःचे, आणि शेवटचा पडताळ्याचा. म्हणजे प्रत्येक वाघीण आपला जन्मदाखला अंगावरच बाळगते! आम्हीं हें कळल्यावर आमच्या बारा वाघिणींचे मनःपूत घातलेले क्रमांक खरवडून काढिले.

आतां माल करण्याविषयीं. खरा पदार्थ वापरला म्हणजे प्रतिकृति खरी होते, असा पुष्कळांचा समज असतो. तो सर्वत्र खरा नाहीं. कोळशापुरता तो खरा आहे. दगडी कोळसा कुटून चाळणीनें चाळावा. खऱ्या वाघिणींतील दहा सेंटिमीटरचा गोळा येथें एक मिलिमीटरहून किंचित् मोठा असावा लागतो. खनिजासाठीं बारीक चाळलेली वाळू घेऊन तीस गेरू फांसावा. गेरूचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडाचाच असतो, तेव्हां खनिजाचा रंग त्याच्या सख्ख्या भावापासून मिळतो असें म्हणावयास हरकत नाहीं. कापसाच्या गांठीचें मात्र तसें नाहीं. आम्हीं प्रथम लांकडाच्या ठोकळ्यांस खरें गोणपाट गुंडाळून पाहिलें. तेव्हां त्याचा एकेक धागा जाड दोरखंडासारखा दिसूं लागला. शेवटीं पातळ कागद चहाच्या पाण्यांत बुडवून, वाळवून तो लाविला, आणि पट्ट्यांच्या जागीं बारीक काळा दोरा बांधला. खरें गोणपाट खोटें दिसलें व खोटा कागद खरा दिसला! १७० किलोची गांठ या प्रमाणांत पाव ग्रॅमची होते; फुंकर घातली तर उडून जाते.

कोळसा व खनिज वाघिणींत थेट ओतूं नये. आंत सहज बसेल असा पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्यावर डिंकानें माल चिकटवावा व मध्यें एक लहानसा लोखंडी खिळा आडवा दडवावा. मग वरून लोहचुंबक धरतांच सर्व माल अलगद उचलला जातो, आणि भरलेली वाघीण क्षणांत रिकामी होते. हें आवश्यक आहे. कारण खाणीपासून भरलेली गाडी जाते, तशी खाणीकडे रिकामी परत यावी लागते. अमेरिकेंतील छांदिष्टांनीं यावर एक गमतीची युक्ति काढिली आहे. मेजावर मध्यें डोंगर करून त्याच्या एका अंगास खाण व दुसऱ्या अंगास वीजकेंद्र ठेवावें, आणि डोंगराच्या पोटांतून दोघांस जोडणारे दोन छुपे रूळ घालावे. खाणींत ढकललेल्या रिकाम्या वाघिणी एका रुळानें पलीकडे वीजकेंद्रांतून रिकाम्याच बाहेर पडतात. वीजकेंद्रांत गेलेल्या भरलेल्या वाघिणी दुसऱ्या रुळानें खाणींतून भरलेल्याच निघतात. पाहणाऱ्यास वाटतें, खाण अखंड भरीत आहे व वीजकेंद्र अखंड जाळीत आहे. प्रत्येक वाघिणीसाठीं एक पत्रिका करून तीवर माल, निघण्याचें स्थान व पोंचण्याचें स्थान लिहिण्याचीही त्यांची पद्धति आहे. त्या पत्रिकेबरहुकूम गाडी चालविली कीं खेळाचें रूपांतर कारभारांत होतें.

इतकें करूनही प्रतिकृति सर्वस्वीं खरी होत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. आपला रुंदमार्ग १६७६ मिलिमीटरचा. १ : ८७ प्रमाणांत तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हावा. पण बाजारांत मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते विलायती १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून बेतलेले आहेत. उलट शकुंतलेचा ७६२ मिलिमीटरचा मार्ग पावणेनऊ मिलिमीटरचा होतो, आणि लहान प्रमाणाचे नऊ मिलिमीटरचे रूळ त्यास जवळजवळ तंतोतंत बसतात. तडजोड कोठें केली आहे हें जाणून ती करावी, व विचारणाऱ्यास स्पष्ट सांगावी. यांत कमीपणा नाहीं. न विचारतां, न मोजतां केलेली चूक मात्र शोभेनें झांकली तरी चूकच राहते.

यंदाच्या प्रदर्शनांत तीच मालगाडी पुन्हां मांडली. या खेपेस खनिजाचा थर प्रत्येक वाघिणीच्या तळाशीं एक सेंटिमीटरभर होता, आणि पाहणाऱ्यांसाठीं शेजारीं एक लहानसा पादचारी पूल व एक आरसा ठेविला होता. पुष्कळांनीं विचारलें, "अहो, तुमची गाडी रिकामी कां?" त्यांस उत्तर देण्याचें काम त्या मुकादमांच्या मुलानें आपण होऊन मागून घेतलें होतें. तो प्रत्येकास आरशांत खनिज दाखवी, फळ्यावरील हिशेब समजावून देई, आणि शेवटीं म्हणे, "हें माझ्या बाबांनीं सांगितलें." दुपारीं वडील स्वतः आले. मुलानें त्यांच्यासाठीं खुर्ची आणिली. पण ते बसले नाहींत. खालीं वांकून त्यांनीं एकेक वाघीण पाहिली व इतकेंच म्हणाले, "आतां चालेल."

विद्यार्थिमित्रांनो, ज्या ज्ञानासाठीं आम्हीं पुस्तकें धुंडाळणार होतों, तें आमच्यापैकींच एकाच्या घरीं रोज सायंकाळीं थकून भागून परत येत होतें, आणि त्यास कोणीं कधीं विचारलें नव्हतें. आपल्या वडिलांनीं, आईनें, आजोबांनीं काय उचललें, काय तोललें, काय विणलें, काय पिकविलें, हें आपणांपैकीं किती जणांस ठाऊक आहे? आणि पालकहो, मुलानें विचारलें तर "तुला काय करायचें आहे?" असें म्हणूं नका. त्यास खालीं बसवा आणि नीट सांगा.